‘कॅशलेस’ म्हणजे फुकट नव्हे

ऊस हंगामात बीड-लातूरच्या रस्त्यांवर रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्यांना गाड्या धडकतात. मग गॅरेजच्या दारात हमखास ऐकू येतं, ‘कॅशलेस आहे, एक रुपयाही लागणार नाही.’ हा समज चुकीचा आहे. कॅशलेस म्हणजे विमा कंपनी आपला वाटा थेट वर्कशॉपला देते, एवढंच. तुमचा वाटा तुम्हालाच भरायचा असतो.

साधी पॉलिसी असलेली साडेतीन वर्षांची, 1200 सीसीची गाडी घ्या. प्लास्टिकवर 50 टक्के घसारा (वापरामुळे कमी झालेली किंमत) कापतात, म्हणजे 8,000 च्या बंपरमधले 4,000 तुमचे. पत्र्यावर गाडी तीन ते चार वर्षांची असेल तर 25 टक्के. 4,000 च्या फेंडरमागे 1,000. पेंटिंगचं एकत्र बिल 12,000 असेल तर त्यातला 25 टक्के, म्हणजे 3,000 माल धरतात आणि त्याचे निम्मे, 1,500 कापतात. काचेवर घसारा नाही, मजुरीवरही नाही. वर सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यात तुम्ही भरायचीच रक्कम, 1,000 (1500 सीसीच्या वर 2,000). झाले 7,500.

झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) असेल तर घसारा वाचतो, वजावट मात्र राहतेच. कूलंट, ऑइल, क्लिपा यांसाठी वेगळं कव्हर लागतं.

आणि कृपा करून सर्व्हेअर (नुकसान तपासणारा विम्याचा माणूस) येण्याआधी पत्रा ठोकून घेऊ नका! बंपर उघडल्यावर आत रेडिएटरचा सपोर्ट वाकलेला निघाला, तर काम थांबवून फोटो काढा आणि सर्व्हेअरला पुन्हा बोलवा. मंजुरीआधी बदललेला भाग बिलातून सहज उडतो.