क्रमसंकोची प्रवाह

लवचीक भिंती असलेल्या नळीवरून किंवा वाहिनीवरून आकुंचनाची लाट सरकत गेली असता आतील द्रव त्या लाटेबरोबर ढकलला जातो. अशा प्रवाहास क्रमसंकोची प्रवाह म्हणतात. अन्ननलिका, आतडे व मूत्रवाहिनी यांतील वहन मुख्यतः याच प्रकारचे असते. उत्तेजित जागेच्या मागे आकुंचन आणि पुढे शिथिलता येते, हे आतड्याच्या बाबतीत बेलिस व स्टार्लिंग यांनी १८९९ मध्ये मांडले.

गणिती विवेचनाचा आरंभ सामान्यतः लॅथम यांच्या १९६६ मधील प्रबंधापासून धरतात. शपिरो, जॅफ्रिन व वाइनबर्ग (१९६९) यांनी लाट लांब आणि रेनल्ड्झ अंक अत्यल्प, म्हणजे निरूढीपेक्षा (जडत्वापेक्षा) श्यानता (द्रवाचा चिकटपणा) प्रभावी, असे गृहीत धरले. लाटेचा परमप्रसर (सरासरी स्थितीपासूनचे भिंतीचे कमाल विचलन) आणि वाहिनीची सरासरी अर्धरुंदी यांचे गुणोत्तर ०.५ असेल व दोन्ही टोकांचा दाब सारखा असेल, तर सपाट वाहिनीतून पूर्ण मिटणाऱ्या वाहिनीच्या एक-तृतीयांशच द्रव पुढे जातो.

प्रतिवाहाविषयी मात्र मतभेद झाला. दाब विरुद्ध असता उलटा प्रवाह वाहिनीच्या मध्यभागी होतो, असे फंग व यी (१९६८) यांच्या गणितातून निघाले. शपिरो व सहकाऱ्यांना तो भिंतीलगत आढळला. पहिल्यांनी स्थिर बिंदूवरील वेगाची सरासरी घेतली होती, तर दुसऱ्यांनी एकाच कणाचा पूर्ण आवर्तनातील मार्ग पाहिला. मूत्राशयातील जंतू मूत्रपिंडाकडे चढू शकतील काय, हा प्रश्न कणाच्या स्थानांतराचा असल्याने तेथे दुसरी व्याख्या अधिक उपयुक्त वाटते. या दोन्ही मांडण्यांत भिंतीची हालचाल आधीच ठरलेली असते; भिंतीची स्थितिस्थापकता व अवमंदन (हालचाल मंदावण्याचा गुण) मित्रा व प्रसाद यांनी १९७३ मध्ये विचारात घेतले.

नागपुरात नवतपाच्या दिवसांत शरीरातील पाणी कमी पडून लघवी दाट होते व मुतखड्याचा संभव वाढतो. खडा मूत्रवाहिनीत अडकला की त्यामागे दाब वाढून भिंत ताणली जाते. कळांचे मुख्य कारण हे, नुसते आकुंचन नव्हे.

याच तत्त्वावरील रूळपंपाचे, म्हणजे फिरत्या रुळांनी नळी दाबत द्रव पुढे ढकलणाऱ्या पंपाचे, श्रेय पुष्कळदा अमेरिकन शल्यचिकित्सक डेबेकी यांना दिले जाते. तथापि पोर्टर व ब्रॅडली यांचे अमेरिकन पेटंट १८५५ चे असल्याने, १९३० नंतरच्या दशकात रक्तसंक्रमणासाठी त्यात सुधारणा करून त्याचा प्रसार करणारे, एवढेच डेबेकी यांच्याबाबत म्हणणे सुरक्षित होय. द्रवाचा स्पर्श केवळ नळीला होत असल्यामुळे हे पंप रक्तशुद्धीकरण यंत्रात वापरतात. संत्र्याच्या गरासारख्या दाट, तंतुमय पदार्थांनाही ते सोयीचे पडतात.