न्यूझीलंडमध्ये मोटरहोमने फिरताना: निवृत्त दांपत्यांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे मोटरहोमच्या सहलीची चौकशी करणारी बहुतेक दांपत्ये नुकतीच निवृत्त झालेली असतात आणि त्यांचा पहिला प्रश्न गाडी चालवण्याविषयीचा असतो. न्यूझीलंडमध्येही वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालतात आणि इंग्रजी मजकूर असलेला आपला वाहन परवाना तेथे चालतो. साडेतीन टनांहून जड गाडीला खुल्या रस्त्यावर ताशी ९० किलोमीटरची मर्यादा आहे. एकपदरी पुलाच्या अलीकडे लाल कडेच्या गोल फलकावर आपल्या दिशेचा बाण लहान आणि लाल दिसला, तर समोरून येणाऱ्यास आधी जाऊ द्यावे. खरी तयारी लागते ती गाडी थांबल्यानंतरच्या कामांसाठी, म्हणून हे पत्रक मुख्यतः त्यांविषयी आहे.

पाणी भरणे, सांडपाणी सोडणे आणि शौचालयाची टाकी रिकामी करणे ही कामे आपणा दोघांनाच करावयाची असतात. शौचालयाची टाकी गाडीच्या बाहेरील बाजूच्या दारातून सुटकेससारखी ओढून काढता येते. ती ठरवून दिलेल्या डंप स्टेशनवर नेऊन ओतावी, पाण्याने विसळावी आणि त्यात औषध घालून पुन्हा बसवावी. दोघांच्या वापरात ती साधारण दोन-तीन दिवसांत भरते. हे काम कोणी करावयाचे, हे येथून निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. तळ्याकाठी या विषयावर चर्चा करणे फारसे सुखाचे नसते. २०२३ च्या कायद्यानुसार गाडीत बाहेरच्या सोयींशिवाय राहता येते असे सांगणारे स्वयंपूर्णतेचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी गाडीत कायमचे बसवलेले शौचालय असावे लागते, आणि सोयी नसलेल्या अनेक जागी केवळ अशाच गाड्यांना रात्री थांबता येते.

विजेविषयी बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. गाडीतील बॅटरीवर दिवे आणि पाण्याचा पंप चालतो. मिक्सर किंवा इंडक्शन शेगडी मात्र कॅम्पमधील वीजजोडणी घेतल्यावरच चालते. त्यामुळे चटण्या आणि वाटणे कॅम्पवर मुक्काम असेल त्या दिवशीच करून ठेवावीत. स्वयंपाक गॅसवर होतो. फोडणी देण्यापूर्वी छताची खिडकी उघडावी, अन्यथा मोहरी तडतडण्याआधी धुराचा भोंगा वाजतो. गाडी चालू करण्यापूर्वी सिलिंडर बंद करण्याची सवय ठेवावी.

मासेमारी आणि पायी भटकंती या दोन्हींची आवड असणाऱ्यांना आम्ही पहिल्या सहलीसाठी ताउपो सरोवराचा परिसर सुचवतो. येथील ट्राउट हा मासा मूळचा नाही. तपकिरी ट्राउट १८६७ मध्ये टास्मानियातून आणि इंद्रधनुषी ट्राउट १८८३ मध्ये कॅलिफोर्नियातून या देशात आणला गेला. ताउपोचा मासेमारी परवाना उर्वरित देशाच्या परवान्याहून वेगळा असतो आणि गळ टाकणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचा परवाना असावा लागतो. ट्राउट विकण्यास तेथे बंदी असल्याने तो दुकानात किंवा हॉटेलच्या यादीत मिळणार नाही; खाण्याची इच्छा असल्यास स्वतः पकडणे किंवा पकडणाऱ्याशी ओळख काढणे, एवढेच मार्ग उरतात.

याच परिसरातील टोंगारिरो अल्पाइन क्रॉसिंग ही ज्वालामुखींमधून जाणारी वाट सुमारे २० किलोमीटरची असून ती पार करण्यास सात-आठ तास लागतात. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी केवळ नावाच्या मोहाने तिकडे जाऊ नये. वाकापापा गावातून निघणारा तारानाकी धबधब्याचा सुमारे सहा किलोमीटरचा फेरा दोन तासांत होतो आणि त्याच ज्वालामुखींच्या पायथ्यातून जातो.

वापरलेले बूट, काठ्या आणि गळाचे साहित्य न्यूझीलंडच्या विमानतळावर जाहीर करावेच लागते. सिंहगडाची माती बुटांच्या तळव्यात अडकलेली असेल, तर ती घरीच टूथब्रशने घासून काढावी आणि बूट पूर्ण वाळवावेत. खाद्यपदार्थांनाही हाच नियम आहे: मध नेऊच नये, मसाले आणि लोणची देशात येताना भरावयाच्या अर्जावर लिहावीत. अशी वस्तू जाहीर न केल्यास जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो. तळवे नमद्याचे असलेले मासेमारीचे बूट गोड्या पाण्यात वापरण्यास बंदी आहे, त्यामुळे ते येथून विकत घेऊन नेऊ नयेत.

गाडी ताब्यात घेताना तिची माहिती दिली जाते, तेव्हा दोघांनीही हजर राहावे. पाण्याची नळी जोडणे, गॅस बंद करणे आणि शौचालयाची टाकी काढून पुन्हा बसवणे या तीन गोष्टी तेथेच, दाखवणाऱ्याच्या देखत, प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने करून पाहाव्यात.