ठराव ग्रामसभेचा की मासिक सभेचा?

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेला मागच्या बाजूला एक खोली आहे. पावसाळा लागला की तिचा पत्रा गळतो आणि चौथीची पोरं तिसरीच्या वर्गात दाटीवाटीनं बसतात. हिवाळ्यातल्या ग्रामसभेत या पत्र्याचं काम पुढच्या वर्षाच्या आराखड्यात घेतलं होतं. हात वर झाले, सूचक-अनुमोदकांची नावं लिहून घेतली. जुलैमध्ये गावी गेलो तर पत्रा तसाच, पोरं तशीच, आणि पंचायतीच्या दारापुढं नवे कोरे पेव्हर ब्लॉक. हे कसं झालं म्हणून विचारलं, तर उत्तर मिळालं, "ठराव झालाय की रीतसर."

ठराव झाला होता, हे खरंच. पण तो मासिक सभेत झाला होता. गावातल्या निम्म्या लोकांना हे दोन ठराव वेगळे असतात हेच माहीत नव्हतं. "पंचायतीत ठरलं" या दोन शब्दांत दोन्ही सभा एकमेकींत मिसळून जातात आणि त्यात गावाचं नुकसान होतं.

मासिक सभा ही ग्रामपंचायतीची, म्हणजे निवडून आलेल्या माणसांची. गावाच्या लोकसंख्येप्रमाणे 7 ते 17 सदस्य, अध्यक्षस्थानी सरपंच, आणि लिहायला ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. निम्मे सदस्य आले की कोरम पुरा. दर महिन्याला कार्यालयात बसायचं, बिलं, नळजोडण्या, दिवाबत्ती, अर्ज असे विषय उरकायचे. तुम्ही-आम्ही तिथं मत देऊ शकत नाही.

ग्रामसभेत मात्र गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस सभासद असतो. वेगळा अर्ज नाही, फी नाही. अठरा वर्षं पुरी झालेली, कालपरवा यादीत नाव चढलेली पोरगीसुद्धा. 1992 च्या 73 व्या घटनादुरुस्तीनं ग्रामसभेला राज्यघटनेत जागा दिली. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात, आणि प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा. बहुतेक गावांत 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा ठरलेल्या असतात. सात दिवस आधी नोटीस लागते, दवंडी पिटायची असते. सरपंचानं सबळ कारण नसताना ग्रामसभा घेतली नाही, तर पद जाऊ शकतं.

दोन्हीकडे अध्यक्ष सरपंचच, लिहिणारा हातही तोच, आणि दोन्ही नोंदवह्यांना गावात "प्रोसिडिंग" असंच म्हणतात. गोंधळ होतो तो यामुळं.

पैशाच्या बाबतीत फरक सगळ्यात जास्त जाणवतो. पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे 2020-21 ते 2025-26 या काळातला निधी घ्या. महाराष्ट्रात त्यातले 80 टक्के थेट ग्रामपंचायतींना, उरलेले पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला दहा-दहा टक्के. पहिलं वर्ष सोडलं तर 60 टक्के रक्कम बंधित, ती पिण्याच्या पाण्यावर आणि स्वच्छतेवरच खर्च करायची. 40 टक्के अबंधित, म्हणजे गावाला जे निकडीचं वाटेल त्यावर; पगारावर तेवढा खर्च करता येत नाही. शाळेचा पत्रा याच अबंधित पैशातून व्हायचा होता. तो पैसा कुठल्या कामावर जाईल हे गावाच्या विकास आराखड्यात लिहिलं जातं, आणि आराखड्याला मंजुरी ग्रामसभेची लागते. 2015-16 पासून "आमचं गाव, आमचा विकास" या नावानं हे चालत आलंय. मासिक सभेचं काम त्यानंतरचं: अंदाजपत्रक मागवणं, ठेका देणं, काम झाल्यावर बिल मंजूर करणं. आराखड्यातलं काम काढून दुसरं घालायचं असेल, तर पुन्हा ग्रामसभेपुढं यावं लागतं. आमच्याकडे चुकलं ते इथं. मासिक सभेनं काम कसं करायचं हे ठरवायच्या जागी कुठलं करायचं हेही ठरवून टाकलं.

पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नाचं, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी वगैरेचं थोडं वेगळं. त्याचं वार्षिक अंदाजपत्रक नमुना क्रमांक 1 मध्ये पंचायतच तयार करते. पण तिथंही हात बांधलेले आहेत: 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी ठेवावेच लागतात. धरा, गावाचं स्वउत्पन्न वर्षाला चार लाख. मग दिव्यांगांचे वीस हजार आणि महिला-बालकांचे चाळीस हजार बाजूला निघाले पाहिजेत. रक्कम फार मोठी नाही. पण अंगणवाडीला पाण्याची टाकी, किंवा चालता न येणाऱ्या पोराला तीनचाकी सायकल एवढ्यात नक्की येते. हे पैसे खर्च झाले का, कुणाला मिळाले, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायचा. वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढं मागच्या वर्षाचा जमाखर्च ठेवायचा असतो, तेव्हा हा विषय काढायला आयतं निमित्त मिळतं.

मग ग्रामसभेला काय वाट्टेल ते ठरवता येतं का? नाही. आणि इथं लोक उलट बाजूनं चुकतात. शाळेला शिक्षक कमी आहे म्हणून ग्रामसभेनं ठराव केला, तरी ती मागणीच. शिक्षकांची पदं पटावरून, संचमान्यतेतून (किती मुलांना किती शिक्षक याची सरकारी मंजुरी) ठरतात आणि नेमणूक जिल्हा परिषद करते. शाळेचा रोजचा कारभार पाहायला शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. ही तिसरीच गोष्ट, तिला ग्रामसभेत मिसळू नका. संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे पैसेही पंचायत मंजूर करत नाही, तो अर्ज तहसीलला जातो. "तुझी पेन्शन मी ठरावात घेतली" असं एखाद्या म्हातारीला कुणी सांगत असेल, तर तिला तहसीलची वाट दाखवा.

ग्रामसभेच्या ठरावाचं वजन कधी कधी पैशाच्या पलीकडचं असतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड आठवा. नवरा गेला की बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, या प्रथा बंद करण्याचा ठराव तिथं 4 मे 2022 च्या ग्रामसभेत झाला. पंधरा दिवसांच्या आत, 17 मे रोजी, राज्य सरकारनं हेरवाडचा कित्ता इतर गावांनी गिरवावा असं परिपत्रक काढलं. बातम्यांत "ग्रामपंचायतीचा ठराव" असंही छापून आलं. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. अकरा-तेरा सदस्यांनी कार्यालयात बसून हेच लिहिलं असतं, तर ज्या घरात प्रेत पडलंय तिथल्या बायकांना थांबवायला कुणाची जीभ रेटली असती? सगळ्या गावादेखत ठरलेलं असलं की माणूस पुढं होऊन बोलू शकतो.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा ग्रामसभेच्याच जोरावर उभी आहे. पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांत ग्रामसभेचे अधिकार इतर गावांपेक्षा बरेच जास्त आहेत, त्यावर वेगळं लिहायला हवं.

आता कोरम. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यांतली कमी असेल ती संख्या लागते. 400 मतदारांच्या वाडीत 60 जण, 1,200 मतदारांच्या गावात 100. एवढे जमले नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला कोरमची अट नसते. नवा विषय घेता येत नाही एवढंच, जुने सगळे विषय पंधरा माणसांतही मंजूर होऊ शकतात. म्हणून "कोरम नव्हता, सभा झालीच नाही" असं समजून घरी बसू नका. पुढच्या तारखेला जा. गाव मोठं असो की लहान, बरेच ठराव या तहकूब सभांमध्येच होऊन जातात आणि लोकांना सहा महिन्यांनी कळतं.

कुठल्या सभेचा ठराव आहे हे ओळखायला प्रोसिडिंगचं पान उघडायचं. नक्कल मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागायची. सगळ्यात वर सभेचा प्रकार आणि तारीख असते. विषय क्रमांक 1 दोन्हीकडे सारखाच, "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे", त्यावरून काही कळत नाही. सह्या मोजा. सात-आठ सह्या आणि नावापुढं "सदस्य" असेल तर मासिक सभा. पानामागून पान सह्या आणि अंगठे असतील तर ग्रामसभा. (सह्यांचं रजिस्टर दुसऱ्या दिवशी घरोघर फिरत असेल तर सही करू नका. तुम्ही नसलेल्या सभेत तुमचा होकार नोंदला जातो.) शेवटी "ऐनवेळचे विषय" हा भाग जरूर वाचा. नोटिशीत नसलेली कामं तिथं येऊन बसतात. मग ईग्रामस्वराज पोर्टलवर गावाचं नाव टाकून आराखड्यातली कामं आणि झालेला खर्च शेजारी शेजारी ठेवून बघा.

आम्ही तेच केलं. 15 ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्याच पटांगणात ग्रामसभा भरली. शाळा समितीतल्या एका आईनं दोन्ही ठरावांच्या नकला हातात धरून विचारलं, "हिवाळ्यातला ठराव आमचा होता, हा कुणाचा?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग पत्र्याचं काम आराखड्यात कायम असल्याची नोंद पुन्हा घेतली गेली, आणि पुढच्या मासिक सभेत त्याचं अंदाजपत्रक ठेवायचं असंही त्याच ओळीत लिहून घेतलं. सूचक म्हणून तिचंच नाव आहे.