गोड्या पाण्याचा झरा : एकदिवसीय सहल

भूजल न उपसता आपोआप जमिनीवर येऊन वाहू लागते, त्या जागेला झरा म्हणतात. नुसता पाझर असेल तर माती ओली राहते, पण धार लागत नाही. सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल अशा झऱ्यावर लोक पोहायला, होडी वल्हवायला, मासे-पक्षी पाहायला किंवा काठावर निवांत बसायला जातात.

पाणी कोणत्या खडकातून येते, यावर सहलीची बरीचशी तयारी ठरते. चुनखडीत खडक विरघळून झालेल्या पोकळ्यांतून पाणी धावते. त्यामुळे तिथले झरे प्रचंड असू शकतात, आणि पावसानंतर काही तासांत गढूळही होतात. वालुकाश्म किंवा वाळूच्या थरातून येणारा झरा सहसा लहान, पण त्याच्या प्रवाहात चढउतार कमी. अमेरिकी भूजलतज्ज्ञ ऑस्कर माइंझर यांच्या १९२७ च्या, प्रवाहानुसार केलेल्या वर्गवारीत पहिल्या श्रेणीचा झरा सेकंदाला सुमारे २,८०० लिटरहून अधिक पाणी देतो. फ्लोरिडात असे अनेक झरे आहेत. तिथे शेजारच्या नदीला पूर आला की काही झऱ्यांच्या मुखातून नदीचे काळपट पाणी उलटे आत शिरते. म्हणून निघण्याआधी पावसाबरोबर जवळच्या नदीची पातळीही पाहावी.

झऱ्याचे पाणी साधारणपणे त्या भागातील हवेच्या वार्षिक सरासरी तापमानाच्या आसपास असते आणि वर्षभर फारसे बदलत नाही. फ्लोरिडात ते २० ते २४ अंश सेल्सिअस, तर न्यूझीलंडच्या ते वाईकोरोपुपू झऱ्यात १२ अंशांच्या आसपास असते. कडक उन्हाळ्यात गार लागणारे हेच पाणी थंडीच्या सकाळी वाफाळताना दिसते. फ्लोरिडातील ब्लू स्प्रिंगमध्ये हिवाळ्यात समुद्रगायी उबेसाठी गोळा होतात आणि त्या काळात माणसांना पोहायला बंदी असते.

सगळ्यांत पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे उमाळा. तळाच्या वाळूतून पाणी वर येते तिथे दाणे उचलले जातात, कडेला ओघळतात आणि घसरत पुन्हा मध्ये येतात. वाळू मंद उकळत असल्यासारखी दिसते. काठावर पालथे पडून, पाण्यावर सावली धरून पाच मिनिटे स्थिर राहिले तर हे नीट दिसते. पाण्यात पाय रोवला की बारीक गाळ उठतो आणि पाणवनस्पतींची मुळे उखडतात. चुन्याचे पुट चढून बनलेल्या पायऱ्या तर वजनाने सहज तुटतात आणि पुन्हा तयार व्हायला फार काळ लागतो. मुखापाशी उतरू नये, खाली प्रवाहात उतरावे.

नितळपणा तीन बाबतींत फसवतो. पहिली खोली : वरून पाहताना चार मीटर पाणी तीन मीटरच भासते, म्हणून कधीही सूर मारू नये. दुसरी थंडी : १५ अंशांखालच्या पाण्यात एकदम शिरल्यास श्वास अनावर होतो आणि नाकातोंडात पाणी जाते, हातपाय, मान भिजवत सावकाश उतरावे. तिसरी शुद्धता : चुनखडीतून पाणी जवळजवळ न गाळताच येते, त्यामुळे वरच्या बाजूची घाण थेट मुखाशी पोहोचू शकते. प्यायचे पाणी सोबत न्यावे. नाइलाज झाला तर खळखळून एक मिनिट, २,००० मीटरपेक्षा उंचीवर तीन मिनिटे उकळावे. उकळल्याने जंतू मरतात, खतांतून किंवा सांडपाण्यातून उतरलेले नायट्रेट मात्र जात नाही. पाण्याखालच्या गुहेत, प्रशिक्षण आणि साधने नसताना, हवे तर "फक्त दोन हात आत" म्हणूनही जाऊ नये. गाळ उठला की बाहेरची वाट दिसेनाशी होते.

लहान झऱ्याचा प्रवाह मोजणे सोपे आहे. पाणी एका धारेने पडते तिथे १० लिटरची बादली धरून भरायला लागणारे सेकंद तीनदा मोजावेत आणि सरासरी काढावी. २५ सेकंद लागले तर सेकंदाला ०.४ लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे ३४,५०० लिटर. धार मिळावी म्हणून मुख खणू नये. पाणी दुसरीकडून फुटते किंवा गाळाने तोंड बुजते.

शौचाला झऱ्याच्या चढाच्या बाजूस जाऊ नये आणि पाण्यापासून किमान ६० मीटर लांब जावे. साबण, 'निसर्गस्नेही' म्हणून विकला जाणारा धरून, पाण्यात नेऊ नये. उन्हापासून बचावासाठी लावलेला मलम पाण्यात उतरतो, त्यामुळे पोहताना पूर्ण बाह्यांचा कपडा बरा. एका झऱ्यातले शेवाळ दुसरीकडे पोहोचते ते ओल्या बुटांतून आणि होडीच्या तळातून, म्हणून ते घासून धुवावेत आणि पूर्ण वाळवावेत. ते वाईकोरोपुपूमध्ये याच काळजीपोटी, आणि माओरींसाठी ते पाणी पवित्र असल्याने, पाण्याला हात लावायलाही मनाई आहे.