बेताल ठोक्यांचा माग

‘छाती धकधक करते, जीव घाबरते’ ही तक्रार मेळघाटात काय किंवा एटापल्लीत काय, डॉक्टरांना नवी नाही. नाडीवर बोट ठेवलं की कळतं, दोन ठोक्यांमधलं अंतर कधीच सारखं नाही. हाच एट्रियल फिब्रिलेशन (एएफ). यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली की लकवा मारतो.

या आजाराचा माग इंग्लंडमधल्या गिरण्यांच्या बर्नली गावात साधी डॉक्टरकी करणाऱ्या जेम्स मॅकेन्झींनी सुरू केला. मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली) अरुंद झालेल्या रुग्णांच्या मानेतल्या शिरेचे आलेख ते वर्षानुवर्षं काढत. नाडी बेताल झाली की वरच्या कप्प्याची लाट आलेखातून नाहीशी व्हायची. 1909 मध्ये लंडनच्या थॉमस लुईस यांनी ईसीजीवर कारण दाखवलं: तो कप्पा आकुंचन न पावता नुसता थरथरतो.

थरथर सुरू कुठून होते, हे कळायला मात्र 1998 उजाडलं. फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हेसागेर यांच्या चमूने 45 रुग्णांच्या हृदयात तारा घालून आतले विद्युत संकेत टिपले. ठोका बिघडवणाऱ्या 69 ठिकाणांपैकी 65 फुफ्फुसांकडून रक्त आणणाऱ्या शिरांमध्ये सापडली! तेव्हापासून जांघेतून नळी नेऊन या शिरांच्या तोंडाभोवती डाग देतात, म्हणजे तिथला करंट कप्प्यात शिरत नाही.

अधूनमधून येणाऱ्या त्रासात हे चांगलं लागू पडतं. ठोके कायमचेच बिघडलेले असले की अवघड जातं. 2004 मध्ये हृदयरोगतज्ज्ञ नदेमानी यांनी तुटक, विस्कटलेले संकेत शोधून तिथे डाग द्यावा असं सुचवलं. कल्पना पटणारी होती, पण 589 रुग्णांच्या ‘स्टार एएफ 2’ अभ्यासात (2015) शिरांच्या जोडीला तिथेही डाग देऊन जास्तीचा फायदा दिसला नाही. पुढे हेच संकेत संगणकाकडून वाचून घेणं सुरू झालं. 2025 च्या ‘टेलर्ड एएफ’ अभ्यासात संगणकाने दाखवलेल्या ठिकाणीही डाग दिलेल्यांपैकी वर्षभर या त्रासापासून मुक्त राहिलेले 88 टक्के होते, नुसत्या शिरांभोवती डाग दिलेल्यांत 70.

माझी तळमळ वेगळीच आहे. आपल्याकडे खेड्यांत हा आजार अनेकदा लहानपणच्या रुमॅटिक तापाने (घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या) झडप खराब होऊन येतो, अगदी मॅकेन्झींच्या रुग्णांसारखा. अशा रुग्णांना या अभ्यासांत सहसा घेतच नाहीत. त्यांना आधी झडपेचा इलाज आणि गुठळी होऊ न देणारं वॉरफॅरिन लागतं. 2022 च्या ‘इन्विक्टस’ अभ्यासात नव्या रिव्हारोक्सॅबॅनपेक्षा ही जुनी गोळीच सरस ठरली. ती चालू असताना रक्ताची आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणारी) वरचेवर करावी लागते, आणि ही सोय गावाजवळ हवी.