पंचहौद : चहाच्या पलीकडचे देवालय

पुण्याच्या गुरुवार पेठेतले ख्रिस्ती मिशन, पंचहौद, म्हटले की बहुतेक मराठी वाचकांना एक चहा आठवतो. १८९० च्या ऑक्टोबरात गोपाळराव जोशी यांच्या खटपटीने पुण्यातली नामवंत मंडळी व्याख्यानाच्या निमित्ताने या मिशनच्या आवारात जमली. व्याख्यान संपल्यावर मिशनमधल्या बायकांनी चहा पुढे केला, तेव्हा काहींनी तो घेतला आणि काहींनी पेला हातात धरून तसाच खाली ठेवला. पुढे हजर असलेल्यांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रात छापून आली, शहरात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, पेटले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि लोकमान्य टिळक व रानडे या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला सामोरे जावे लागले. ही हकीकत शंभरदा सांगून झाली आहे. मात्र ज्यांच्या घरचा चहा इतका महागात पडला ते यजमान कोण होते आणि गुरुवार पेठेत काय करत होते, हे विचारायला सहसा कोणी थांबत नाही.

पुण्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा, पंथ आला तो पलटणीबरोबर. पेशवाई बुडाल्यानंतर सातच वर्षांनी, १८२५ मध्ये, लष्कर भागात सेंट मेरीज चर्च उभे राहिले आणि कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर यांच्या हस्ते त्याचे समर्पण झाले. तिथला धर्मगुरू सरकारी पगारावर असे, उपासना इंग्रजीत चाले आणि रविवारी गोरे शिपाई रांगेने चर्चला जात. गावातल्या माणसाशी या चर्चचा फारसा संबंध नव्हता, आणि तो यावा अशी कोणाची तितकीशी इच्छाही नसावी.

पेठेत आलेली मंडळी निराळी होती. इंग्लंडात १८३३ पासून ऑक्सफर्डमध्ये एक चळवळ सुरू झाली होती. चर्च हे सरकारचे खाते नसून प्रेषितांपासून चालत आलेली संस्था आहे, असे तिचे म्हणणे होते. या चळवळीतून अँग्लिकन पंथात व्रतस्थ जीवनाला पुन्हा जागा मिळाली. १८४८ मध्ये वाँटेज गावी सेंट मेरी भगिनीसंघ निघाला, तर १८६६ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे रिचर्ड म्यू बेन्सन यांनी पुरुषांचा संघ स्थापला, ज्यांना पुढे ‘काउली फादर्स’ म्हणू लागले. ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही त्यांची तीन व्रते. हे काउलीवाले १८७४ मध्ये मुंबईत उतरले, १८७७ मध्ये वाँटेजच्या भगिनी पुण्यात आल्या, आणि दोन्ही संघांचे काम गुरुवार पेठेत एकमेकांच्या शेजारी वाढले. ही पेठ पूर्वी वेताळ पेठ म्हणून ओळखली जाई.

त्यांचे पवित्र नाम देवालय १८८५ मध्ये उभे राहिले, म्हणजे तो गाजलेला चहा झाला तेव्हा इमारत जेमतेम पाच वर्षांची होती. आत वेदीवर मेणबत्त्या, धर्मगुरूच्या अंगावर ऋतुमानाप्रमाणे बदलणारी वस्त्रे, गुडघे टेकून घेतलेली सहभागिता (प्रभुभोजन) आणि धर्मगुरूपुढे जाऊन केलेला पापांगीकार, असा सगळा थाट होता. कट्टर प्रॉटेस्टंटांना हा प्रकार रोमन कॅथलिकांच्या फार जवळ जाणारा वाटे. पुणेकराच्या डोळ्यांना मात्र उपवास, व्रत, मौन आणि संन्यास यांत परके वाटण्याजोगे थोडेच होते. देवालयाच्या नावातले ‘नाम’ देखील नामस्मरणाच्या मुलखात कानाला ओळखीचे लागते. हा योग ठरवून जुळवला असेल असे मला वाटत नाही, पण तो जुळला खरा.

या ओळखीच्या धाग्यानेच नीळकंठशास्त्री गोरे या पंथात रमले असावेत. १८२५ साली जन्मलेला, काशीत वाढलेला हा चित्पावन पंडित ख्रिस्ती मताचे खंडन करायला निघाला आणि १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाला. ‘षड्दर्शनदर्पण’ हा त्यांचा ग्रंथ हिंदू दर्शनांशी त्यांनी घातलेला वाद आहे. १८७० मध्ये ते धर्मगुरू झाले आणि नंतर काउली संघात उमेदवार म्हणून राहिले. १८९५ मध्ये मुंबईत वारेपर्यंत त्यांची राहणी जवळजवळ संन्याशाचीच होती.

पंडिता रमाबाईंच्या मनावर नेहेम्या गोरे यांच्या युक्तिवादाचा परिणाम झाला होता. पुण्यातल्या वाँटेज भगिनींच्या ओळखीतून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पण बाप्तिस्म्याबरोबर इंग्रजी वळणही मुकाट्याने स्वीकारायचे, हे त्यांना मान्य नव्हते. वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात गळ्यातल्या क्रुसाचा वाद आहे. क्रूस घालायला रमाबाईंची हरकत नव्हती. त्यांची हरकत होती त्यावर कोरलेल्या लॅटिन शब्दांना. लॅटिन काही अधिक पवित्र आहे का, आणि नसेल तर तिथे आपली संस्कृत का नसावी, असा त्यांचा सरळ सवाल होता. मिशनच्या पुढल्या सगळ्या इतिहासात हाच सवाल वेगवेगळ्या वेषांत पुन्हा पुन्हा येतो, असे माझे मत आहे.

उपासना भाषांतरित करून भागत नव्हते, कारण धर्मांतर केलेल्या माणसाची अडचण रविवारपुरती नसे. जात सुटली की पाणवठा, न्हावी, सोयरीक आणि पुष्कळदा रोजगारही सुटे. म्हणून देवालयाभोवती शाळा, वसतिगृहे, अनाथ मुलांची सोय आणि कुटुंबांची वस्ती असे आख्खे आवार वाढले. सेंट जॉन्स, सेंट हिल्डाज, एपिफनी ही शाळांची नावे पुण्यात आजही घरोघर माहीत आहेत, आणि तिथे शिकलेल्यांत ख्रिस्तेतर मुले कितीतरी आहेत. आवारातल्या कुटुंबांच्या दृष्टीने चर्च ही एकाच वेळी भावकी होती, पंचायत होती आणि लग्न जुळवण्याची जागाही होती. हा आधार खरा होता. त्याचबरोबर, ज्याच्या हाती नोकरी आणि घर त्याच्याच हाती आत्म्याचा हिशेब, ही रचना माणसाला मिंधे करणारी होती, हेही नाकारता येत नाही.

देवालयाजवळच्या उंच मनोऱ्यात आठ घंटांचा संच आहे. तो इंग्लंडातल्या लफबरो येथील टेलर यांच्या ओतशाळेत घडवलेला. या घंटा वाजवण्याची तऱ्हा खास इंग्रजी आहे. प्रत्येक घंटेच्या दोरावर एकेक माणूस उभा राहतो. प्रथम बारीक आवाजाच्या घंटेपासून भरदार आवाजाच्या घंटेपर्यंत ओळीने टोल पडतात आणि मग दर फेरीला क्रम बदलत जातो. त्यात चाल नसते, असते ती नुसती क्रमांची अदलाबदल. अशा रीतीने वाजवता येणारे संच भारतात अगदी मोजके आहेत, त्यांतला दुसरा मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये आहे.

उपासनेच्या इंग्रजी साच्याचा हा प्रश्न पुन्हा उघडला तो अहमदनगरहून. तिथे काम करणाऱ्या जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूवर ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा गाढ प्रभाव होता, आणि टिळकांचे चरित्रही त्याने लिहिले. इंग्रजी प्रार्थनापुस्तकाऐवजी सुरियानी (पूर्वेकडच्या जुन्या सिरियाई चर्चच्या) परंपरेच्या आधाराने भारतीय मंडळ्यांसाठी उपासनाक्रम बांधावा, असा प्रयत्न त्याने केला. १९२२ मध्ये त्याने ख्रिस्त सेवा संघ स्थापला आणि काही वर्षांत हा संघ पुण्यात शिवाजीनगरला आला. हिंदी आणि इंग्रज सभासद तिथे एकत्र राहत, खादी वापरत आणि भारतीय जेवण जेवत. पुढे मानववंशशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध झालेले व्हेरियर एल्विन १९२७ मध्ये भारतात आले ते याच संघात. गोऱ्या साहेबाने जमिनीवर बसून जेवणे ही गोष्ट आज किरकोळ वाटेल, पण त्या काळच्या लष्कर भागात ती चहापेक्षा कमी धक्कादायक नव्हती.

कायद्याच्या अंगाने बदल सावकाश झाला. १९३० मध्ये हिंदुस्थानातले अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च, म्हणजे सी.एन.आय., स्थापन झाले. अँग्लिकनांबरोबर त्यात प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल परंपरेचे संयुक्त चर्च, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स ही मंडळीही आली. बालकांचा बाप्तिस्मा आणि जाणत्या वयातला बाप्तिस्मा या दोन्हींना मान्यता द्यावी लागली. बिशपपद राहिले, पण निर्णयात मंडळीतल्या सामान्य सभासदांचा वाटा वाढला. काटेकोर बोलायचे तर त्या दिवसापासून पंचहौदला अँग्लिकन म्हणता येत नाही, तरी सी.एन.आय. जागतिक अँग्लिकन परिवाराचे सभासद आहेच.

या एकीकरणाचा सर्वांत जाणवणारा परिणाम गाण्यात दिसतो. ना. वा. टिळक अमेरिकन मराठी मिशनचे, म्हणजे वेदी, वस्त्रे आणि बिशप यांना फारसे महत्त्व न देणाऱ्या परंपरेतले. ‘उपासना संगीत’ या गायनपुस्तकात मात्र त्यांची अभंगाच्या वळणाची भजने इंग्रजी चालींवरच्या गीतांच्या सोबतीने नांदतात. रविवारी पेटी-तबल्यावर टिळकांचे भजन होते, धर्मगुरू ‘प्रभू तुमच्याबरोबर असो’ म्हणतो आणि मंडळी ठरलेले उत्तर देते. मग सगळे मिळून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो’ अशी प्रार्थना सुरू करतात, आणि त्यानंतर माणसे ओळीने वेदीकडे जाऊन कठड्यापाशी गुडघे टेकतात. यातले गुडघे टेकणे काउलीकडून आले, भजन नगरकडून आले, आणि ज्या भाषेत हे चालते ती रमाबाईंनी मागितलेली संस्कृत नसून पेठेतली मराठी आहे.