ओळखीचं की नवं? मेंदूपुढच्या एका पेचाची पार्श्वभूमी

इंदूरच्या सराफ्यात रात्री सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं पडली की त्यांच्याच पुढ्यात खाण्याची दुकानं लागतात. राजवाड्याच्या आसपास आयुष्य गेलेले एखादे मराठी काका फार विचार न करता भुट्ट्याच्या किसाच्या ठरलेल्या दुकानाशी जातात. पुण्याहून नुकतीच इथे नोकरीला आलेली भाची मात्र दर खेपेला नवं काही शोधते. घरचे म्हणतात, ज्याचा त्याचा स्वभाव. मला वाटतं, स्वभावाचा वाटा यात थोडा आहे आणि हिशेबाचा मोठा. ओळखीचं धरून राहावं की नवं शोधावं, या हिशेबाचा अभ्यास जवळजवळ शतकभर चालू आहे. त्याची सुरुवात रुग्णांच्या काळजीतून झाली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१९३३ साली येल विद्यापीठातल्या विल्यम थॉम्पसन यांनी प्रश्न मांडला तो असा. एका आजारावर दोन उपचार आहेत, सरस कोणता हे ठाऊक नाही आणि रुग्ण तर एकामागून एक येताहेत. शेवटपर्यंत निम्म्यांना हा, निम्म्यांना तो देत राहिलं, तर पुरावा भक्कम मिळतो, पण कमी गुणाच्या उपचारावर माणसं खर्ची पडतात. घाईने एकावर थांबलं, तर चुकीचाच उपचार कायम व्हायची भीती. थॉम्पसन यांनी सुचवलं की हातात असलेल्या पुराव्यावरून एखादा उपचार सरस असण्याची जेवढी शक्यता, तेवढ्या प्रमाणात रुग्ण त्याच्याकडे पाठवावेत. इतकी माणुसकीची कल्पना कित्येक दशकं जवळजवळ पडून राहिली, याचं वाईट वाटतं. २०१० नंतर तिला जोर आला तो इंटरनेटवरच्या जाहिराती निवडण्याच्या कामात. मात्र २०१० मध्येच अमेरिकेत सुरू झालेल्या ‘आय-स्पाय २’ या स्तनाच्या कर्करोगाच्या चाचणीतही आधीच्या निकालांकडे बघत पुढच्या रुग्णांचं वाटप होऊ लागलं.

मधल्या काळात प्रश्न गणितज्ञांकडे गेला. दुसऱ्या महायुद्धात त्याने दोस्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञांना इतकं दमवलं की हा प्रश्नच जर्मनीवर टाकावा, म्हणजे तिकडचे विद्वान त्यात अडकून पडतील, असं कोणीतरी सुचवल्याची आठवण गणितज्ञ पीटर व्हिटल यांनी पुढे सांगितली. १९५२ मध्ये हर्बर्ट रॉबिन्स यांनी त्याला नेटकं गणिती रूप दिलं. समोर जुगाराची अनेक यंत्रं, प्रत्येकाचा परतावा वेगळा आणि अज्ञात, तर दांडा कोणाचा ओढायचा? सत्तरच्या दशकात जॉन गिटिन्स यांनी दाखवलं की ठराविक अटींत प्रत्येक यंत्राला एक आकडा देता येतो, आणि त्या आकड्यात ‘अजून माहीत नाही’ याचीही किंमत धरलेली असते. परतावे आपोआप बदलायला लागले की ही युक्ती कोलमडते. खऱ्या जगात तर ते बदलतातच.

प्राण्यांना हे गणित कोणी शिकवलेलं नाही. तरी १९७८ मध्ये जॉन क्रेब्ज आणि सहकाऱ्यांनी ‘ग्रेट टिट’ या लहान पक्ष्यांपुढे खाणं मिळण्याच्या दोन जागा ठेवल्या, तेव्हा पक्षी आधी दोन्हीकडे चाचपणी करून मग चांगल्या जागी स्थिरावले, आणि गणिताने काढलेल्या उत्तराच्या बरेच जवळ पोचले.

मेंदूत डोकावता यायला आणखी वेळ लागला. १९९७ मध्ये शुल्ट्झ, डायान आणि माँटॅग्यू यांनी मांडलं की डोपामिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनाच्या पेशी अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा कमी मिळालं याचा संदेश देतात. ओळखीच्या फायद्याला धरून राहण्याचा हिशेब यातून उलगडू लागला, पण सवयीची वाट सोडायची कधी, हे उरलंच. २००५ मध्ये ॲस्टन-जोन्स आणि कोहेन यांनी त्यासाठी मेंदूच्या देठातल्या ‘लोकस सेर्युलियस’ या चिमुकल्या केंद्राकडे बोट दाखवलं. तिथून येणाऱ्या नॉरॲड्रेनॅलिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाची पायाभूत पातळी चढली, की हातातल्या कामावरची पकड सुटते आणि लक्ष इतरत्र भिरभिरतं, असा त्यांचा सिद्धांत. पुढच्याच वर्षी नॅथॅनियल डॉ (Daw) आणि सहकाऱ्यांनी माणसांना एमआरआय यंत्रात झोपवून परतावा बदलत राहणारी चार जुगारयंत्रं खेळायला दिली. जास्त देणारं यंत्र सोडून लोक दुसरीकडे वळत, तेव्हा कपाळामागचा, मेंदूचा अगदी पुढचा भाग अधिक सक्रिय दिसला.

काका आणि भाचीतला फरक मला पटतो तो २०१४ मधल्या रॉबर्ट विल्सन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगामुळे. त्यांनी अशाच खेळातल्या काही डावांत निवडीची एकच संधी बाकी ठेवली, तर काहींत सहा. संधी जास्त उरल्या असताना लोक कमी माहितीच्या पर्यायाकडे मुद्दाम वळले, शिवाय त्यांच्या निवडीतला निव्वळ स्वैरपणाही वाढला. भाचीपुढे इंदूरची वर्षं आहेत, त्यामुळे आज सापडलेलं चांगलं दुकान तिला शेकडो रात्री उपयोगी पडेल. एका रात्रीच्या पाहुण्याने मात्र काकांनी सांगितलेल्या ठिकाणीच जावं. काकांची चाचपणी तर केव्हाच होऊन गेली आहे.

मुद्दामचा शोध आणि स्वैरपणा या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात, याला २०१७ मध्ये जोरदार आधार मिळाला. कपाळामागच्या त्याच भागाचं काम उजव्या बाजूला चुंबकीय स्पंदांनी थोडा वेळ मंदावलं, तर मुद्दामचा शोध घटला. स्वैरपणावर काहीच परिणाम झाला नाही.